बाबा जेलमध्ये आहेत. धाकट्या भावाला काय सांगायचं?

खिडकीजवळची:

नमस्कार. इथे बरीच वर्षं नुसती वाचते. हा आयडी मुद्दाम नवा काढलाय, जुन्या आयडीवरून मला ओळखणारे बडोद्यात पुष्कळ आहेत.

आम्ही बडोद्याचेच, पणजोबांपासून. बाबा एका पतपेढीत मॅनेजर होते. पतपेढीने ठेवी परत देणं बंद केलं, लोक पोलिसात गेले आणि दिवाळीनंतर चेअरमन, दोन संचालक आणि बाबा अशा सगळ्यांना अटक झाली. चेअरमनना प्रकृतीच्या कारणावर जामीन मिळाला. बाबांचा अर्ज सेशन्स कोर्टाने फेटाळला. ते सेंट्रल जेलमध्ये आहेत, कच्चे कैदी म्हणून. ठेवीदार म्हणजे कोण, तर आमच्याच गल्लीतले, दांडिया बाजारातले, नवापुऱ्यातले. गणपतीत ज्यांच्याकडे आरतीला जायचो ते.

मी युनिव्हर्सिटीत टी.वाय. बी.कॉम.ला. भाऊ नववीत. त्याला आजीने आणि आईने सांगितलंय की बाबा कामासाठी अहमदाबादला राहतात. तो काही विचारत नाही. पोलो ग्राउंडवर क्रिकेटला जायचा, ते बंद केलंय. परवा म्हणाला, दहावीला शाळा बदलू या का. बस, तेवढंच.

मी आणि आई मुलाकातीला जातो. त्याला न्यावं का? आई म्हणते, त्या जागेची सावलीसुद्धा त्याच्यावर नको. बाबाही म्हणतात, नको आणूस.

आणखी एक, जे घरात कुणाशी बोलता येत नाही. आरोपपत्राची प्रत आमच्याकडे आहे. आईला त्यातलं कळत नाही, मला कळतं, कारण मी तेच शिकते. कर्जदारांची नावं खोटी आहेत आणि मंजुरीखाली बाबांच्या सह्या आहेत. मुलाकातीत मी विचारते, "जेवलात का, पाठ कशी आहे". खरं विचारायचं असतं ते दुसरंच.


पावभर_शेव:

आधी एक घट्ट मिठी. भावाला माहीत आहे गं. नववीतल्या मुलाकडे मोबाइल असतो आणि बाबांचं नाव टाकलं की बातमी येते. तो विचारत नाही म्हणजे त्याला कळलंय.


दांडिया_बाजारकर:

पावभर_शेवशी सहमत. पण मुलाला जेलमध्ये नेणं मला पटत नाही. आमच्या लहानपणी जेल रोडवरून सायकलने जाताना ती भिंत दिसली की आम्ही पायडल जोरात मारायचो. गायकवाडी काळातली इमारत आहे, तिचा वचक आजही वाटतो. मुलाच्या मनावर कायमचा ठसा उमटेल. दहावी होऊ दे, मग बघा.


ग्वाल्हेरी:

दहावी होऊ दे, मग बारावी होऊ दे, मग नोकरी लागू दे. आमच्याकडे हेच झालं. म्हणून जरा लांब लिहितो.

आम्ही ग्वाल्हेरला, लश्कर भागात राहायचो. मी सातवीत असताना वडिलांना शिक्षा झाली. हाणामारीत एकाचा जीव गेला होता. मला सांगण्यात आलं की ते भिलाईला बदलीवर गेलेत. मला खरं कळलं शाळेच्या टेम्पोत, पुढच्या सीटवरच्या मुलाकडून, तेही त्याला वाटलं मला माहीतच असणार म्हणून सहज बोलला. घरी येऊन मी काही बोललो नाही. आई भिलाईची पत्रं आल्यासारखं दाखवायची आणि मी "बाबा काय म्हणतात?" असं विचारायचो. तिला वाटायचं मी सुखात आहे, मला वाटायचं तिला कळलं तर ती कोसळेल. दोघं एकमेकांसाठी नाटक करत राहिलो. त्या नाटकाने मला जेवढं थकवलं तेवढं वडिलांच्या गुन्ह्याने नाही थकवलं. खोटं बोलणाऱ्या आईवर रागावताही येत नव्हतं, कारण ती माझ्यासाठीच बोलत होती.

पहिल्यांदा भेटायला गेलो तेव्हा मला मिसरूड फुटलं होतं. वडिलांनी मला ओळखायला क्षणभर वेळ लावला. तो क्षण ना त्यांनी विसरला, ना मी. जेलच्या भिंतीचा ठसा वगैरे काही उमटला नाही माझ्यावर. भिंत भिंतीसारखी होती.

तेव्हा ठसा कशाने उमटतो ते दांडिया_बाजारकरांनी जरा पुन्हा बघावं. राग नाही.


दांडिया_बाजारकर:

राग कसला. वाचून गप्प झालो. शब्द मागे घेत नाही, पण पुन्हा विचार करतो.


काळाकोट:

कायद्याचं थोडक्यात. मी गुजरातेतच वकिली करतो, पण तुमचे कागद पाहिलेले नाहीत, म्हणून हे सर्वसाधारण समजा.

हल्ली सगळे सांगतात की नव्या कायद्यात कमाल शिक्षेच्या एक तृतीयांश काळ कोठडीत काढला की जामीन. भारतीय नागरिक सुरक्षा संहितेच्या कलम ४७९ मध्ये पहिल्यांदाच आरोपी झालेल्यांसाठी तशी तरतूद आहे खरी. १ जुलै २०२४ पासून संहिता लागू झाली. पण ज्या गुन्ह्याला जन्मठेपेची शिक्षा होऊ शकते त्याला हे कलम लागत नाही. पतपेढीच्या प्रकरणात बहुधा जुन्या दंडविधानाचं ४०९ किंवा नव्या न्याय संहितेचं ३१६(५) लावतात आणि त्यात जन्मठेप आहे. शिवाय एकापेक्षा जास्त गुन्हे प्रलंबित असतील तरीही अडतं. म्हणजे कुणी या कलमावर "महिन्यात सोडवतो" म्हणून पैसे मागितले तर देऊ नका. तुमचा रस्ता हायकोर्टातल्या नियमित जामिनाचा. तिथे आरोपपत्र दाखल झालंय, कागदपत्रं जप्त झालीत, सहआरोपीला जामीन मिळालाय, हे मुद्दे मांडता येतात.

वकिलाचा खर्च झेपत नसेल तर विधी सेवा प्राधिकरण. १९८७ च्या कायद्याच्या कलम १२ प्रमाणे कोठडीतल्या माणसाला मोफत वकील मिळतो, उत्पन्नाची अट नाही. स्त्रियांनाही तसंच, म्हणजे आईला स्वतःसाठी लागला तरी मिळेल. दिवाळीपुऱ्याच्या कोर्टात जिल्हा प्राधिकरणाकडे जा किंवा १५१०० वर फोन करा. मोफतचा वकील म्हणजे टाकाऊ, असं समजू नका. मी त्यांच्यातले फार चांगले लोक पाहिलेत, आणि भरमसाट फी घेऊन तारखा मागणारेही पाहिलेत.

घराचे कागद शोधून एका जागी ठेवा. गुजरातचा ठेवीदार संरक्षणाचा २००३ चा कायदा आहे, त्याखाली मालमत्ता जप्त होऊ शकते. घर पणजोबांपासूनचं असेल तर ते दाखवणारा प्रत्येक कागद लागेल.


खिडकीजवळची:

काळाकोट, खूप आभार. बाबांच्या नावावरच्या काही गोष्टींसाठी आईला मुखत्यारपत्र हवंय. बाबा बाहेर येऊ शकत नाहीत तर नोंदणी कशी करायची? एका एजंटाने सांगितलं होणारच नाही, दुसऱ्याने फार मोठी रक्कम सांगितली.


काळाकोट:

दोघेही चूक. नोंदणी कायदा १९०८, कलम ३३ आणि ३८ बघा. जेलमध्ये असलेल्या माणसाला निबंधकाच्या कचेरीत स्वतः हजर राहण्यापासून सूट आहे. निबंधक स्वतः तिथे जाऊ शकतो किंवा कमिशन काढतो. अर्ज करा, सोबत जेल अधीक्षकांनाही अर्ज द्या. वेळ लागेल, एजंट लागणार नाही.


मनोमनी:

मी समुपदेशक आहे, किशोरवयीन मुलांबरोबरच काम करते. ग्वाल्हेरींनी जे लिहिलंय ते मी वेगवेगळ्या तोंडून ऐकलेलं आहे.

पॉलीन बॉस या अमेरिकन अभ्यासिकेने अशा वियोगाचा विचार मांडला ज्यात माणूस गेलेलाही नसतो आणि असलेलाही नसतो. बेपत्ता सैनिकांच्या कुटुंबांपासून तिचं काम सुरू झालं. जेलमधल्या पालकाच्या मुलांना ते तंतोतंत लागू पडतं. मृत्यू झाला तर लोक घरी येतात, बसतात, पिठलं-भात आणून देतात. इथे कुणी येत नाही. उलट ये-जा थांबते. आणि दुःख करायचं की वाट बघायची हे मुलाला ठरवता येत नाही.

भावाला सांगताना तीन वाक्यं पुरतात. बाबा जेलमध्ये आहेत. पतपेढीच्या पैशांबद्दल त्यांच्यावर आरोप आहे आणि कोर्टाने अजून निकाल दिलेला नाही. यात तुझी काहीही चूक नाही आणि तुला काहीही विचारायची मुभा आहे. हे आईने सांगावं. तुझ्याकडून कळलं तर त्याला वाटेल आई अजून लपवतेच आहे. आणि "बाबांनी काहीच केलं नाही, त्यांना अडकवलंय" असं मात्र सांगू नका. उद्या निकाल विरुद्ध गेला तर तो कुणावर विश्वास ठेवणार?

शाळेत एका शिक्षकाला विश्वासात घ्या, सगळ्यांना नको. तो रात्री झोपत नसेल, खाणं सुटलं असेल तर टेलिमानस या मानसिक आरोग्याच्या सरकारी हेल्पलाइनचा १४४१६ नंबर आहे, मराठी-गुजराती दोन्हीत बोलता येतं. हे तुलाही लागू आहे बरं का, धागाकर्ती. तू सगळ्यांचं विचारलंस, स्वतःचं शेवटच्या परिच्छेदात ढकललंस.


वारसिया_वाली:

माझी मुलगी बँकेच्या परीक्षा देते, तिची मैत्रीण अशाच घरातली. तिला सगळे म्हणत होते की वडिलांवर केस म्हणजे तुला सरकारी नोकरी नाही, पासपोर्ट नाही. हे खरं आहे का कुणी सांगेल?


काळाकोट:

खरं नाही. नोकरी लागताना भरायच्या साक्षांकनाच्या अर्जात उमेदवाराला स्वतःबद्दल विचारतात, तुम्हाला कधी अटक झाली का, तुमच्यावर खटला आहे का. पासपोर्टचंही तसंच, १९६७ च्या कायद्यात अर्जदारावरच्या खटल्याचा प्रश्न येतो. वडिलांच्या खटल्याचा संबंध नाही. विचारलेल्या प्रश्नाचं खरं उत्तर द्या, न विचारलेलं लिहीत बसू नका.


ठेवीदार_एक:

हा आयडी मीही आजच काढला. सगळे मिठ्या मारताय म्हणून लिहिते.

मला माहीत आहे ही कुठली पतपेढी. माझ्या आईने पेन्शनीचे पैसे तिथे ठेवले होते. मॅनेजर आमच्या ओळखीचे, "काकू, काळजीच करू नका" म्हणाले होते, त्यांच्या शब्दावर ठेवले. आता आईच्या गुडघ्याचं ऑपरेशन थांबलंय. ती रोज पासबुक काढून बघते. या धाग्यावर आमच्यासारख्यांबद्दल एक ओळ नाही. जेलमधल्याच्या मुलांच्या मनाचं सगळ्यांना पडलंय, आमच्या घरात मुलं नाहीत का?


संपादक मंडळ:

पतपेढीचं, व्यक्तींचं नाव कुणीही लिहू नये. ओळख पटेल असे तपशील काढून टाकले जातील. ठेवीदार_एक यांचा प्रतिसाद नियमात बसतो, तो राहील.


पावभर_शेव:

ठेवीदार_एक, तुमचा राग समजतो पण ती पोरगी वीस वर्षांची आहे. तिने तुमचे पैसे घेतलेले नाहीत.


खिडकीजवळची:

पावभर_शेव, थांबा, मला उत्तर द्यायचंय.

ठेवीदार_एक ताई, तुम्ही लिहिलंत ते बरोबर आहे. बाबा "काळजी करू नका" म्हणायचे हेही खरं, मी स्वतः ऐकलंय, तेव्हा मला अभिमान वाटायचा. मला त्यांची बाजू घ्यायची नाही. सोडायचेही नाहीत. तुम्ही मला भेटलात तर काय बोलायचं मला माहीत नाही, म्हणून मी खंडेराव मार्केटला जाणंच सोडलंय, भाजी लांबून आणते. तुमच्या आईंचं ऑपरेशन आमच्यामुळे थांबलंय हे मी वाचलं. त्यावर माझ्याकडे उत्तर नाही.


ठेवीदार_एक:

मार्केटला जा. मी काही तुझा हात धरणार नाही.


निवृत्त_मास्तर:

मी शाळेतून निवृत्त झाल्यावर काही काळ जेलमध्ये शिकवायला जायचो, गुजराती वाचन-लेखन आणि थोडं गणित. कुठल्या जेलमध्ये ते राहू दे. बाहेरच्या माणसाला दिसत नाहीत अशा दोन-तीन गोष्टी सांगतो.

बाप "मुलाला आणू नका" म्हणतो त्यातलं बरंचसं मुलासाठी नसतं, स्वतःसाठी असतं. मुलाने आपल्याला या कपड्यांत, या जागी बघू नये. मुलाकातीनंतरची संध्याकाळ त्यांना फार जड जाते. माझ्या वर्गात त्या दिवशी कुणी पाटी उचलायचं नाही. तरी पुढच्या आठवड्याची वाट सर्वांत जास्त तेच बघायचे. ज्यांच्याकडे कुणीच येत नसे ते हळूहळू बोलायचे थांबत. म्हणून बाबांचं "नको" ऐका, पण अंतिम समजू नका.

मुलाकातीची खोली गोंगाटाची असते, मध्ये काच किंवा जाळी, एकाच वेळी पुष्कळ घरची माणसं ओरडून बोलत असतात. भावाला आधी हे सांगून ठेवा, नाहीतर तो घाबरेल ते गोंगाटाला. ओळखपत्र घ्या, मोबाइल आत चालत नाही. ई-मुलाकातीची सोय आहे, राष्ट्रीय पोर्टलवर नोंदवून व्हिडिओवर बोलता येतं. पहिल्या वेळी तीच वापरा, त्याला घरच्या खुर्चीत बसून बोलू दे. पण मान्यता आल्याशिवाय त्याला सांगू नका, ऐन वेळी रद्द झाली तर वाईट वाटतं.

आणि पत्र लिहा. हल्ली कुणी लिहीत नाही. जेलमध्ये पत्र उघडून वाचलं जातं, ते धरूनच लिहायचं, केसबद्दल काही नको. पण पत्र उशाखाली ठेवता येतं, दहा वेळा वाचता येतं. व्हिडिओ कॉलचं तसं नाही. गणिताची न सुटणारी उदाहरणं वडिलांना पाठवणारा एक मुलगा मला माहीत आहे. बाप रात्रभर बसून सोडवायचा आणि मला तपासायला द्यायचा. दोघांचंही बरं चाललं होतं.

अवांतर: वाचून असं वाटेल की तिथली माणसं सगळी पस्तावलेली साधीभोळी. तसं नाही. बनेलही भेटले. पण देशातल्या कैद्यांपैकी चारातले तीन कच्चे कैदी असतात, २०२२ च्या सरकारी आकड्यांत ५,७३,२२० पैकी ४,३४,३०२. म्हणजे निकाल लागायच्या आतच एवढ्या घरांत मुलं "बाबा कुठेत" या प्रश्नाशी झगडताहेत.


ग्वाल्हेरी:

मास्तर, उदाहरणांची गोष्ट आवडली.

धागाकर्ती, तुझ्या शेवटच्या परिच्छेदाबद्दल. आरोपपत्र वाचून बापाकडे बघणं काय असतं ते मला माहीत आहे. मी निकालपत्र वाचलं होतं, हिंदीतलं, मोठा झाल्यावर. लोक तुला दोनच खुर्च्या देतील. एक, माझे बाबा निर्दोष. दुसरी, माझा त्यांच्याशी संबंध नाही. दोन्हींत बसलं की पाठ दुखते. मी वडिलांना शेवटपर्यंत भेटत राहिलो आणि त्यांनी जे केलं ते केलं हेही मानत राहिलो. नातेवाइकांना हे कळायचं नाही. त्यांना स्पष्ट हवं असायचं.

न्यायाधीश कोर्टात आहे, त्याचा पगार त्याला मिळतो. ते काम तू घरी आणू नकोस. पण बाबांना प्रश्न विचारायचा असेल तर विचार, सोडू नकोस. फक्त काचेपलीकडून, लोकांसमोर, वकिलाला न विचारता नको. तिथलं बोलणं तुमच्या दोघांपुरतं राहत नाही.


काळाकोट:

शेवटचं वाक्य ठळक करून वाचा. केसच्या तपशिलाबद्दल मुलाकातीत बोलू नका.


वारसिया_वाली:

फी, शिष्यवृत्तीचं कसं करताय? मामलतदार कचेरीतून उत्पन्नाचा दाखला या वर्षीचा घ्या, गेल्या वर्षीचा बाबांच्या पगाराचा असेल. मुख्यमंत्री युवा स्वावलंबन योजनेला कुटुंबाचं उत्पन्न सहा लाखांपर्यंत चालतं, टक्केवारीची अट आहे, चालू असेल तर नूतनीकरण विसरू नका. भावासाठी जिल्हा बाल संरक्षण कचेरीत मिशन वात्सल्यची चौकशी करा, अठरा वर्षांखालच्या मुलांना महिना ४,००० रुपये देतात. तुमच्या घराला बसतं की नाही ते तिथली समिती ठरवते, पण अर्ज द्यायला काय जातं?


खिडकीजवळची:

धागा वर काढतेय. ज्यांनी व्यनि (व्यक्तिगत निरोप) केले त्यांना एकेकीला उत्तर देते, उशीर झाला.

आईने सांगितलं. स्वयंपाकघरात, पोळ्या करताना, त्याच्याकडे पाठ करून. मनोमनींची तीन वाक्यं मी तिला लिहून दिली होती, तिने दोनच म्हटली आणि रडायला लागली. भाऊ म्हणाला, "मला माहीत आहे." कधीपासून? अटकेच्या दुसऱ्या दिवसापासून. वर्गातल्या एकाने बातमीचा फोटो ग्रुपवर टाकला होता. क्रिकेटला जाणं का सोडलं तर टीममधल्या एकाच्या आजीचे पैसे अडकलेत. त्या मुलाने काही म्हटलं नव्हतं, यानेच जाणं बंद केलं. मी खंडेराव मार्केट सोडलं तसंच. आम्ही एकाच घरात तेच करत होतो आणि एकमेकांना पत्ता नाही.

आजी दोन दिवस आईशी बोलली नाही. मग बोलायला लागली.

ई-मुलाकात आधी केली, मास्तरांनी सांगितल्याप्रमाणे. आवाज तुटत होता. बाबांनी दाढी केली होती. भावाने त्यांना सरळ विचारलं, "तुम्ही केलंत का?" मी त्याला आधी बजावलं होतं की केसबद्दल नाही, तरीही. बाबा बराच वेळ काही बोलले नाहीत, मला वाटलं नेटवर्क गेलं. मग म्हणाले, "वकिलांनी बोलायला मनाई केली आहे. बाहेर आलो की तुलाच आधी सांगेन." भावाला ते पुरलं नाही. मलाही नाही. पण तो फोन ठेवून पळाला नाही, मग बॅटची ग्रिप कुठून बदलायची हे विचारत बसला.

ठेवीदार_एक ताई, ठेवी परत मागायच्या दावा-अर्जाची काही अडचण असेल तर काळाकोटांना विचारा, ते उत्तर देतात. मूळ पावती हरवलेल्यांनाही अर्ज करता येतो का, हे गल्लीत एक आजोबा विचारत होते.


काळाकोट:

करता येतो. पासबुक, बँकेतल्या नोंदी, जो पुरावा असेल तो जोडा आणि सक्षम अधिकाऱ्याकडून पोच घ्या. मुदत नोटिशीत असते ती चुकवू नका.


ठेवीदार_एक:

अर्ज दिला. पोच घेतली.


खिडकीजवळची:

आता प्रश्न असा की भावाला प्रत्यक्ष जायचंय आणि म्हणतो, तू बाहेर थांब, मला एकट्याला बोलायचंय. सोडू का?


निवृत्त_मास्तर:

अठराच्या आतल्याला एकट्याला आत सोडत नाहीत, बरोबर मोठं माणूस लागतं. तेव्हा तुला जावंच लागेल. आत गेल्यावर तोंड बंद ठेव म्हणजे झालं.